उंच भिंत, नापास

गाडेकर सर मैदानावर पाऊल ठेवायच्या आधी चपला काढतात. भक्तिभाव वगैरे काही नाही. चप्पल घालून मैदान बघणं म्हणजे हातमोजे घालून भाकरी थापणं, असं त्यांचं म्हणणं. चपला स्कूटरच्या डिकीत जातात, विजारीच्या पायांना दोन घड्या पडतात, आणि पासष्टीतला हा माणूस डोळे मिटून एका गोलपोस्टपासून दुसऱ्या गोलपोस्टपर्यंत चालत सुटतो. मध्येच थांबतो, एक पाय वर घेतो, तळव्यात रुतलेला सराट्याचा काटा उपटून शर्टाच्या खिशात टाकतो आणि पुढं निघतो. परत आला की खिसा उलटा करून सराटे मोजतो. पाचाच्या वर भरले की मैदान नापास.

जिल्हा परिषदेच्या शाळेतून क्रीडाशिक्षक म्हणून ते निवृत्त झाले, पण आमच्या शालेय फुटबॉल समितीचे मैदान निरीक्षक म्हणून अजून कायम आहेत. त्यांनी कागदावर ‘पास’ लिहिल्याशिवाय समितीचा एकही सामना होत नाही. मैदानांना ते माणसांसारखी नावं ठेवतात. वरून सपाट दिसणारी आणि पावलाखाली खचणारी जमीन ‘खोटारडी’. विकतचं हिरवंगार गवत पांघरलेली ‘नटवी’. खडे असले तरी चेंडू सरळ उसळू देणारी, ती ‘गरीब, पण शब्दाची पक्की’. एका संस्थाचालकांना त्यांनी तोंडावर सांगितलं होतं, “सायेब, तुमची जमीन लई आतल्या गाठीची हाय.” संस्थाचालक त्यानंतर वर्षभर आमच्याशी बोलले नाहीत.

हे सगळं मी समजू शकत होतो. मला न समजणारी गोष्ट एकच होती. मैदान तपासून झालं की सर कुंपणाबाहेर जायचे. बाहेर दगड, मोरी, उकिरडा, जे सापडेल त्यावर चढायचे आणि टाचा उंचावून आत बघायचे. आतलं दिसलं तर मान डोलवायचे. नाही दिसलं तर वहीत लिहायचे, ‘भिंत उंच. नापास.’

“का पण?” असं विचारलं की उत्तर ठरलेलं, “तुमाला नाय कळायचं, पत्रकराव.”

पत्रकराव म्हणजे मी. माझे वडील वाळूजच्या कारखान्यात कामगार आणि युनियनचे कार्यकर्ते. आमच्या घरात डब्याच्या तळाशी पत्रक, देवाच्या फोटोमागं पत्रक. मी बाराखडी गिरवली तीही संपाच्या पत्रकांच्या कोऱ्या पाठीवर. पुढं मी स्वतः पत्रकं काढायला लागलो आणि अर्ज बरा लिहितो, एवढ्या भांडवलावर समितीनं मला चिटणीस केलं. फुटबॉल मला पुढूनही कळत नव्हता आणि मागूनही.

करोनाच्या साथीत आमच्या मुलींच्या स्पर्धेचा अंतिम सामना अडकून पडला होता. टाळेबंदी लागली तेव्हा सामना दोन दिवसांवर होता. एका बाजूला बजाजनगरच्या कामगारांच्या मुली, दुसऱ्या बाजूला छावणीतल्या शाळेच्या मुली. नववीच्या पोरी दहावीत गेल्या, शाळा दहा महिन्यांनी उघडल्या आणि वरून पत्र आलं. येत्या शनिवारपर्यंत सामना उरकावा, प्रेक्षक नकोत, मैदान तटस्थ असावं, मैदान न मिळाल्यास नाणं उडवून विजेता ठरवावा.

पत्र घेऊन मी बजाजनगरच्या कप्तानाकडं गेलो. रूपाली तिचं नाव. आई कंपनीत पॅकिंगला, पहिल्या पाळीत. परीक्षा झाली की रूपालीला मामाच्या गावी पाठवायचं ठरलं होतं आणि मामाच्या गावात मुलींनी चेंडू लाथाडल्याची नोंद नव्हती. तिनं पत्र दोनदा वाचलं.

“सर, दहा महिने मी जिन्यावर पळतेय. खालचे काका रोज शिव्या देतात,” ती म्हणाली. “नाणंच उडवायचं असंल तर मला बोलवू नका. नाणं उडवायला काय, आमची आजी पण उडवील.”

मी पेटलो. त्याच संध्याकाळी पत्रक लिहिलं, ‘मैदान हा आमचा हक्क आहे.’ दुसऱ्या दिवशी, म्हणजे सोमवारी, त्याच्या शंभर प्रती घेऊन मी गाडेकर सरांच्या स्कूटरवर मागं बसलो. सरांनी एक प्रत घेतली, उलटी केली, पाठ कोरी आहे हे बघून समाधानानं खिशात ठेवली. “मापं लिवायला बरा हाय. जाड हाय कागद.”

शहरातली मैदानं त्या दिवसांत मैदानं राहिलीच नव्हती. पहिल्यावर भाजी मंडई हलवली होती. गर्दी होऊ नये म्हणून जमिनीवर चुन्याची वर्तुळं आखलेली, प्रत्येक वर्तुळात एक माणूस आणि एक पिशवी. सर डोळे मिटून चालायला लागले ते थेट मेथीच्या ढिगात. “मधलं वर्तुळ आयतंच हाय की,” ते मेथीवालीला म्हणाले, “पण चाळीस मधली वर्तुळं घेऊन मी करू काय?” दुसऱ्या मैदानावर टाळेबंदीत जप्त केलेल्या मोटारसायकली गवतात गंजत उभ्या होत्या. तिसऱ्यावर रुग्णांसाठी मांडव होता आणि गोलपोस्टवर चादरी वाळत होत्या.  तिथं मात्र सरांनी चपला घातल्या, कुंपणाबाहेरूनच हात जोडले आणि स्कूटर चालू केली.

चौथं मैदान शहराबाहेरच्या एका निवासी शाळेचं. काय सांगू! सपाट, नटवं नव्हे तर खरं गवत, कडेला हात धुवायची सोय, फाटकावर ताप मोजणारा माणूस. मुख्याध्यापिका बाई स्वतः बाहेर आल्या. “मुलींसाठी आहे ना? खुशाल घ्या.” मी पत्रकांचा गठ्ठा पाठीमागं लपवला. सर चालून आले, खिसा उलटा केला. सराटा एकही नाही. चेंडू खांद्यापासून सोडला, उसळी सरळ. “लई गुणी जमीन हाय, बाई,” ते म्हणाले आणि बाहेर गेले.

बाहेर दहा फुटांची भिंत. सर एका दगडावर चढले, दगडावर वीट ठेवून चढले, मग स्कूटरच्या सीटवर उभे राहिले. स्कूटर हलली, सर माझ्या अंगावर. उठून त्यांनी वही काढली.

“भिंत उंच. नापास.”

“सर!” मी ओरडलोच. “प्रेक्षकांना बंदी आहे. बाहेरून दिसत नाही, हे तर उलट चांगलंच. शनिवार पाच दिवसांवर आलाय. त्या पोरींचा निकाल तुम्ही नाण्यावर टाकणार आहात का? एका भिंतीसाठी?”

“नापास म्हणलं ना.”

“मी तुमच्याविरुद्ध पत्रक काढीन.”

“काढा. पाठ कोरी ठेवा.”

 मी बाईंचे आभार मानून निघालो. स्कूटरवर मागं बसलो. मनात पत्रकाचा मथळा तयार होता, ‘एका निरीक्षकाची मनमानी.’ हुकूमशहा कसा असतो याचा मी फार अभ्यास केला होता, पण तो अनवाणी असेल असं कुठं वाचलं नव्हतं.

सर मात्र शांतपणे बजाजनगरच्या बाजूला वळले. कंपन्यांच्या बसगाड्या जिथं पाळी सुटलेल्या बायांना उतरवतात, तिथं रस्त्याला लागून एक आरक्षित भूखंड वर्षानुवर्षं रिकामा पडला आहे. दोन तारांचं कुंपण. आत कमरेएवढं वाळलेलं गवत. पलीकडून म्हैस हंबरली, पण दिसली नाही. सर त्या गवतात शिरले, जमीन चाचपायला खाली बसले आणि तेही दिसेनासे झाले. बऱ्याच वेळानं आवाज आला, “पत्रकराव! जमीन पक्की हाय!” मग ते बाहेर आले, रस्त्याकडच्या मोरीवर उभे राहिले, आत बघितलं. त्यांचा चेहरा उजळला.

“दोन्ही शाळांना सारखंच परकं हाय. तटस्थ झालं का नाय? सामना साडेतीनला ठेवायचा,” ते म्हणाले. “पावणेचारला नाय, तीनला नाय. साडेतीनला.”

“आणि हे गवत कोण कापणार?”

“माझी माणसं हायेत.”

त्यांची माणसं म्हणजे सव्वाशे मेंढ्या, हे मला मंगळवारी कचेरीत कळलं. सर मूळचे सोयगाव तालुक्यातले, धनगराच्या घरातले. त्यांचा चुलत भाऊ म्हाळू त्या दिवसांत कळप घेऊन पैठणच्या वाटेवर होता. भूखंड ज्या कचेरीच्या ताब्यात होता, तिथले कारकून काचेमागं दोन मास्क लावून बसलेले. मी लिहिलेला अर्ज त्यांनी चिमट्यानं उचलून वाचला.

“पन्नासच्या वर जमाव चालणार नाही,” ते म्हणाले. “इथं तर तुम्ही सव्वाशे लिहिलंय.”

“त्या मेंढ्या आहेत, साहेब,” मी म्हणालो.

“जमाव तो जमाव. आजार पसरला तर जबाबदार कोण?”

मी कायद्याचं कलम शोधायला लागलो. सर काचेजवळ वाकले. “सायेब, एखाद्या मेंढीला खोकला झाला की आमी तिला दुसऱ्या दावणीला बांधतो. तिचं पाणी वेगळं, चारा वेगळा. तुमाला हे औंदा कळलं. आमच्याकडं आज्यापणज्यापासून हाय. माझ्या मेंढरांचं म्हणाल तर ती तुमच्या बाजारापेक्षा शिस्तीत राहत्यात.”

कारकुनांनी चिमटा खाली ठेवला. “माझ्या वडिलांच्याही शेळ्या होत्या,” ते हळूच म्हणाले आणि शिक्का मारला.

मंगळवारी संध्याकाळी कळप आला. बुधवारी अर्धं गवत गेलं, गुरुवारी सगळं. गाजरगवताला मात्र मेंढ्यांनी तोंड लावलं नाही. ते तेवढं हिरवं, ताठ उभं राहिलं. ते उपटायचं काम रूपालीच्या संघानं केलं. सर काठीनं दाखवत होते, “हे राहिलं, ते राहिलं, पोरींनो, मेंढराला कळतं ते तुमाला कळंना?”

शुक्रवारी सकाळी मी मैदान बघायला गेलो आणि डोक्याला हात लावला.

आमच्या भागात शेतकरी पेरणीआधी रानात मेंढ्या बसवतो. कळप रात्रभर रानात मुक्काम करतो, लेंडीखत पडतं, जमीन कसदार होते. म्हाळूभाऊंना वाटलं, एवढ्या लांबून भावानं बोलावलंय, रस्त्याला लागून एवढं चांगलं रान, म्हणजे भाऊ बाजरी पेरणार. फुटबॉल वगैरे शब्द त्यांनी ऐकले होते, पण ते नव्या बियाण्याचं नाव असेल म्हणून सोडून दिले होते. तेव्हा त्यांनी भावाच्या मायेनं, रोज वाघर सरकवत, म्हणजे कळपाभोवती बांधायची दोरीची जाळी जागा बदलून लावत, मैदानाच्या एकेका कोपऱ्यात कळप बसवला होता. एक वीतही कोरी सोडली नव्हती. मधल्या रेषेवर तर खास थर होता.

“काय झ्याक झालंय, बघा,” म्हाळूभाऊ अभिमानानं म्हणाले. “औंदा कणसं गुडघ्याएवढी येतील.”

गाडेकर सरांनी कपाळावर हात मारला. “अरं म्हाळ्या, इथं पोरी खेळणार हायेत!”

“पोरी?” म्हाळूभाऊंनी मैदानाकडं बघितलं. “मग आधी सांगायचं की. लेंड्या वाया गेल्या का नाय माझ्या?”

वाया गेल्या नाहीत. पहिली पाळी सुटली, बसगाड्यांतून बाया उतरल्या आणि रस्त्यावरूनच त्यांनी वास ओळखला. कुणाच्या गॅलरीत तुळस होती, कुणाच्या दारात डब्यात लावलेली मिरची. बायांनी डब्याच्या पिशव्या रिकाम्या केल्या, पदरानं तोंडं बांधली आणि चार हात अंतर ठेवून लेंड्या झाडून पिशव्यांत भरायला बसल्या. रूपालीची आई शोभाताई त्यांत होत्या. कंपनीचा निळा एप्रन अजून अंगावर. “उद्या इथंच खेळतीय ना ती?” त्यांनी मला विचारलं. “मी कधी बघितलंच नाही बाई तिला. शाळेचा खेळ असायचा तेव्हा माझी पाळी असायची.”

“उद्या प्रेक्षकांना बंदी आहे, ताई,” मी नियम सांगितला. नियम सांगताना आवाज एवढा पडलेला मला आवडत नाही.

शनिवारी दुपारी दीड वाजता फक्कीच्या पांढऱ्या रेषा मारून आणि गोलाचे खांब रोवून झाले. तेवढ्यात शाळेतून गोलाच्या जाळ्या आल्या. दहा महिने बंद खोलीत पडल्या होत्या. उंदरांनी त्यांची चाळण केली होती. सरांनी म्हाळूभाऊंकडं बघितलं. म्हाळूभाऊंनी कळपाची वाघर सोडून आणली. दोन्ही गोलांना ती पुरली. कळप दोरीवाचून मोरीपलीकडं शहाण्यासारखा बसून राहिला.

छावणीच्या मुली आल्या. त्यांची कप्तान सानिया नाकावर मास्क दाबत म्हणाली, “सर, ग्राउंड में बकरियों की बू आरी ना!”

“बकरी नाय, मेंढी,” सरांनी दुरुस्त केलं. “आन् दोन्ही संघांना सारखीच येती. तक्रार नाय चालणार.”

साडेतीनला शिट्टी झाली. मी यादी घेऊन फाटकावर उभा होतो. एकही जादा माणूस आत सोडायचा नाही असं ठरवून. पाच मिनिटांत पहिली बस थांबली. मग दुसरी. बाया उतरल्या आणि घराकडं जायच्या ऐवजी रस्त्याच्या कडेला उभ्या राहिल्या. काही मोरीवर, काही मातीच्या ढिगावर. मी त्यांना हटकायला निघालो, पण पोचल्यावर नियम मोडलेला कुठं सापडेना. एकीच्या आणि दुसरीच्या मध्ये चार हातांचं अंतर होतं. तोंडावर मास्क होते. रस्ता सरकारी होता आणि आत कुणी आलं नव्हतं. दोन तारांच्या कुंपणामधून सगळं दिसत होतं.

आता मला साडेतीन कळलं. भिंतही कळली.

उत्तरार्धापर्यंत छावणीचे दोन गोल झाले होते. रूपाली चेंडू आत फेकायला रस्त्याकडच्या रेषेवर आली आणि थबकली. एवढ्या मास्कांत तिनं आईला कशावरून ओळखलं कोण जाणे. बहुतेक डब्याच्या पिशवीवरून. पंचांनी शिट्टी मारली तेव्हा भानावर आली. त्यानंतर ती जशी पळाली, तशी कदाचित जिन्यावर रोज पळत असेल. सानियानं तिला दोनदा अडवलं. तिसऱ्यांदा चेंडू वाघरीत जाऊन अडकला आणि मोरीपलीकडच्या सव्वाशे मेंढ्या उठून उभ्या राहिल्या.

सामना दोन-एकनं छावणीनं जिंकला. सानियानं रूपालीला कोपर टेकवून शाबासकी दिली, कारण हात मिळवायला बंदी होती. शोभाताई कुंपणाशी आल्या.

“आमची जिंकली ना?”

“नाही, ताई. हरल्या.”

“होय?” त्यांनी आत बघितलं. “मग ती एवढी नाचतीय कशाला?” आणि मास्कच्या वर त्यांचे डोळे वाहायला लागले.

कागदावर सही घ्यायला मी सरांना शोधलं. आतल्या यादीत त्यांचं नाव पहिलं होतं, पण ते आत नव्हते. मोरीच्या टोकाला, बायांच्या रांगेत शेवटी, एका दगडावर अनवाणी उभे होते. सामना सुरू झाल्यापासून तिथंच होते.

“सर, तुम्हाला तर आत परवानगी होती.”

“मी भाईरनंच बघतो. कायमच.” ते दगडावरून उतरले नाहीत. आपणहून बोलायला लागले. “मी नववीत व्हतो तवा आमच्या शाळेचा असाच शेवटचा सामना झाला. शहरात. बाप मेंढरं घेऊन तीन दिस चालत आला बघायला. फाटकावरच्यानं मेंढरं बघितली आन् आत सोडलं नाय. मेंढरं टाकून तो तरी कसा येणार? भिंत ही एवढी. बसला भिंतीला टेकून, आवाज ऐकत. घरी गेल्यावर म्हणला, लेका, मधीच सगळे मोठ्यानं वरडले, ते तुझ्यासाठी का रं?”

“मग?”

“मी व्हय म्हणलो.”

“खरंच तुमच्यासाठी होतं?”

सरांनी मान हलवली. “मी राखीव व्हतो, पत्रकराव. बाकावर बसून व्हतो. खेळलोच नाय. बापानं मरेपर्यंत गावात सांगितलं, माझ्या पोरासाठी सगळं शहर वरडलं.”

मी पत्रकांचा गठ्ठा काखेत धरून उभा राहिलो. त्यातलं एकही वाक्य इथं उपयोगाचं नव्हतं. चेंडू मात्र तारांजवळ येऊन पडला होता. मी तो उचलला, कुंपणातून आत टाकला आणि म्हणालो, “सर, उसळी बघायची राहिलीय.”

“सकाळी बघितली की.”

“सामन्यानंतरची राहिलीय.”

त्यांनी माझ्याकडं संशयानं बघितलं. मग विजारीच्या घड्या सारख्या केल्या, तारांमधून वाकून आत गेले आणि चेंडूमागं दोन पावलं हटले. समोर रिकामा गोल, त्यात वाघर. मुली बाजूला झाल्या. रस्त्यावरच्या बाया घरी निघाल्या होत्या, त्या थांबल्या.

सरांनी अनवाणी पायानं चेंडू मारला. तो गोलाच्या दिशेनं गेला, मध्येच डावीकडं वळला आणि खांबाला चाटून बाहेर.

तरीही मुली ओरडल्या, छावणीच्यासुद्धा. रस्त्यावरच्या बाया मास्क खाली ओढून ओरडल्या. म्हाळूभाऊ काठी उंचावून ओरडले. आणि ह्या वेळी ते सगळं, खरोखर, त्यांच्यासाठीच होतं.

सर तिथंच उभे राहिले, पाठमोरे.  मग मोठ्यानं म्हणाले,

“डावीकडं उतार हाय जरासा. लिहून ठेवा, पत्रकराव.”